पाणी हाताला कळू नये

पांघरूण धुवायचा रविवार ठरला आणि चंद्रकांतने पहिला फोन केला तो किमयाला. सुनीतीला हे कळलं त्याच रविवारी सकाळी, ओट्यावर चहा पिताना, आणि तिने कप अर्धाच खाली ठेवला.

"दादा, घटस्फोट झालेल्या सुनेला बोलावलंस तू?"

"बोलावलं."

"पुढच्या महिन्यात ऋषीचं लग्न. होणारी सून कालपासून घरात आलेली. आणि तू आज जुन्या सुनेला बोलावतोस. लोकांचं सोड, त्या पोरीला काय वाटेल?"

"पांघरुणातला किमयाचा चौकोन काढायचा, असं तूच गणपतीपासून म्हणतेयस ना? मग तिच्यादेखत काढ. माणूस समोर नसताना त्याची वस्तू उसवायची, हे मला जमायचं नाही."

भावाच्या बोलण्यात खोट काढता येत नाही असं सुनीतीचं कधीतरी व्हायचं, आणि तेव्हा ती पदर झटकायची. तिने पदर झटकला. चंद्रकांतने शेगडीवरून नुकताच उतरवलेला स्टीलचा पेला उघड्या हाताने उचलला आणि घोट घेतला. त्याच पेल्याला हात लावायचा तर तिला पदराची घडी घ्यावी लागली असती.

सुनीती म्हणजे चंद्रकांतची धाकटी बहीण. गणपतीला अमळनेरहून आली ती इथे माले गावातच राहिली. भाऊ एकटा, त्यात घरात लग्न, मग बाईमाणूस नको का, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. आल्या दिवशी संध्याकाळी तिने पाहिलं होतं, की दादा गरम पाण्याची पिशवी भरतो, तिला लोकरीचं कव्हर चढवतो आणि पलंगाच्या रिकाम्या बाजूला, रजनीवहिनीचे पाय जिथे यायचे तिथे, पांघरुणाखाली सरकवून ठेवतो. स्वतः मात्र गारठलेल्या पायांनी अलीकडे झोपतो. तिने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. दुसऱ्या दिवशी अमळनेरला फोन लावून सांगितलं, मी काही दिवस राहते.

तर हे पांघरूण.

दिसायला काही फार देखणं नव्हतं, आधीच सांगितलेलं बरं. लग्नानंतर चंद्रकांत उरवड्याला ओतकामाच्या कारखान्यात लागला, आणि खानदेशच्या उन्हात वाढलेली रजनी मुळशीच्या पावसात येऊन पडली. पहिल्या पावसाळ्यात तिचे कपडे वाळले नाहीत, उशीला बुरशी आली, आणि ती रोज रडली. शेजारच्या बाईने तिच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला. रडण्यापेक्षा हे कर, म्हणाली. त्यातून पहिला चौकोन झाला. मग रजनीने नियमच करून टाकला, की या घरात जो राहायला येईल त्याने एक चौकोन विणायचा, दोन वीत लांब, दोन वीत रुंद, येत असो वा नसो. चंद्रकांतचा राखाडी चौकोन एका बाजूला ढगळ होता. सुनीतीचा लाल, इतका घट्ट की त्यातून सुई जाईना. ऋषिकेशने शाळेत असताना केलेला हिरवा. आणि किमयाचा गर्द निळा, मधोमध एक टाका सुटलेला, तिथे बोट जाईल एवढं भोक. किमया तो उसवून पुन्हा करायला निघाली होती. रजनीने करू दिलं नाही. "असू दे गं. उन्हाळ्यात तेवढाच वारा येईल."

घटस्फोट झाला तरी रजनीने निळ्या चौकोनाला हात लावला नाही. उलट त्याच वर्षी सगळ्या पांघरुणाला कडेने काठ विणून टाकला. आता बंद झालं, म्हणाली. त्यामुळे होणाऱ्या सुनेचा, क्षितिजाचा, चौकोन लावायचा तर आधी एखादा निघायला हवा होता, आणि कुठला निघणार हे घरात कुणी मोठ्याने बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

धुण्याचेही रजनीचे नियम होते. वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर. साबण नाही, रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचा फेस. चोळायचं नाही, नुसतं दाबायचं. आणि पाणी असं, की हाताला कळू नये. हात घातला तर गारही लागू नये, गरमही लागू नये. ओली लोकर जड होते, एका जागी धरली तर लोंबते, म्हणून खाली जुनं लुगडं सरकवून चौघांनी चार कोपरे धरून उचलायचं आणि सावलीत खाटेवर आडवं पसरायचं. चौथं माणूस मिळालं नाही तर पांघरूण धुवायचं नाही. गेल्या वर्षी ते धुतलं नव्हतं. श्रावणात रजनी गेली आणि नंतर कुणाला सुचलंच नाही.

ऋषिकेशने पत्र्याची ट्रंक ओसरीवर आणून उघडली. वेखंडाचा वास आला, त्याच्यामागून बामचा. चंद्रकांत वाकला होता तो तसाच राहिला. शेवटच्या आजारपणात हे पांघरूण रजनीच्या अंगावर होतं. तिच्या अंगाचा वास अजून त्यात होता, अगदी थोडा, गळ्याशी घ्यायच्या बाजूला. वर्षभर त्याने ट्रंक उघडली नव्हती ती याचसाठी. उघडलं की उडून जाईल, असं त्याला वाटायचं.

"बाबा, धुवायला काढू ना?" ऋषिकेशने विचारलं.

"काढ," चंद्रकांत म्हणाला. "ठेवलं तर कसर लागेल."

त्याला नको होतं. पण कसर लागू देणं हे रजनीला आणखी नको असतं.

*

क्षितिजा ओसरीच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत तिने विणलेला चौकोन होता. पिवळा. हिंजवडीच्या ऑफिसातून आल्यावर, फ्लॅटमेट हसत असताना, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तिने तो दोन वेळा उसवून पुन्हा केला होता. मोजून दोन वीत. लातूरच्या घरी कुणी लोकर विणलेली तिला आठवत नव्हती. आईने फोनवर विचारलं होतं, तुला स्वेटर करायला लावतात की काय ते लोक? तिने सांगितलं होतं, नाही गं, माझी जागा आहे त्यात, ती भरायची आहे.

आता पांघरूण तिच्यासमोर उलगडलेलं होतं आणि त्यात कुठेही जागा नव्हती.

"ऋषी, तू म्हणाला होतास जागा आहे."

"होईल ना आता. आत्या काढतेय एक."

"कुणाचा?"

ऋषिकेश खाली वाकून ट्रंकेची कडी बघायला लागला, जणू तिच्यात काही बिघाड होता. सुनीती आतून बारीक कात्री घेऊन आली आणि क्षितिजाशेजारी टेकली.

"तू मनाला लावून घेऊ नकोस. रीतच आहे ती. जुनं निघतं, नवं लागतं. हा बघ, हा निळा. भोक आहे त्याला, तसाही वाईटच दिसतो."

"पण आत्या, मी कुणाचं काढून नाही बसणार तिथे."

"मग कुठे बसणार?" सुनीतीने अगदी सरळ विचारलं. "काठाच्या बाहेर?"

"नाहीतर नका लावू माझा. मी घरी नेते परत."

"अगं, असं कसं? लग्नाआधीच परत न्यायच्या गोष्टी?"

"मला एवढंच म्हणायचंय," क्षितिजा ऋषिकेशकडे वळली, "की तू मला हे आधी सांगायला हवं होतंस. मी तीन आठवडे विणतेय, आणि कुणाच्या जागेवर ते मला आज कळतंय."

"यात एवढं काय आहे? लोकरीचा तुकडा आहे."

"तुला तो तुकडा वाटतो?"

"आईला वाटत नव्हता," ऋषिकेश म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम चढला. "आईने मुद्दाम काठ घातला. मी बंगळूरला होतो, माझं लग्न मोडत होतं, आणि ती इथे बसून काठ विणत होती. माझी बाजू कुणी घेतली या घरात?"

चंद्रकांतने हे सगळं ऐकलं. रजनीबद्दल कुणी चढ्या आवाजात बोललेलं त्याला सोसायचं नाही. त्याने पांघरूण दोन्ही हातांनी गोळा केलं.

"किमया येईपर्यंत थांबायचं म्हणालास ना?" सुनीती म्हणाली.

"आधी धुऊन घेतो. उन्हं चढतील. काय उसवायचं ते वाळल्यावर उसवा."

त्याला तेवढाच वेळ हवा होता. एक धुणं, एक वाळवणं, म्हणजे संध्याकाळपर्यंत तरी ते रजनीने ठेवलं तसं राहिलं असतं.

*

मागच्या अंगणात सारजाबाईने चुलीवर हंडा चढवला होता. सारजाबाई वरच्या वाडीची. घरकामाला यायची आणि मनात आलं ते बोलून जायची. एवढी माणसं मिळून एक पांघरूण धुतात याची तिला दरवर्षी गंमत वाटायची.

"भाऊ, आमच्या गोधड्या आमी वड्यावर नेऊन बडावतो. तुमचं ह्ये बाळंतिणीगत जपायचं."

"लोकर आहे ती, सारजाबाई."

"व्हय, वैनी बी आसंच म्हनायच्या."

तिने टोपात गरम पाणी ओतलं. चंद्रकांतने त्यात नळाचं सोडलं, हात घातला, थोडा वेळ ठेवला. पाणी हाताला कळलं नाही. गार नाही, गरम नाही. बरोबर, असं त्याला वाटलं. रजनी असंच म्हणायची.

"लई वाफ निगतीया बगा," सारजाबाई म्हणाली.

"थंडी पडलीय. वाफ निघणारच."

"तुमी म्हनताय तर आसंल."

पांघरूण पाण्यात बसलं. रिठ्याचा फेस वर आला. सारजाबाई दुसरी बादली भरायला गेली आणि चंद्रकांत एकटा राहिला. ओसरीवरचे आवाज इथपर्यंत येत होते. ऋषीचा, मग सुनीतीचा, मग पुन्हा ऋषीचा. त्यात मधूनच क्षितिजाचं, "नको ना, प्लीज." चंद्रकांतने दाबायला सुरुवात केली. वर्षभर त्याने काही धरलं नव्हतं असं, आणि आता धरायला मिळालं होतं. दाबता दाबता तो चोळायला लागला हे त्याला कळलं नाही. वास जाणारच होता, तर आपल्या हातांनी जाऊ दे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं होतं. तू असतीस तर ओरडली असतीस, तो मनात म्हणाला. ओरड ना मग.

*

किमया स्कूटर फाटकाशी लावून आत आली तेव्हा ओसरीवरचं बोलणं थांबलं. ती पौडहून पुढे रस्त्याच्या कामात अडकली होती, केसांत धूळ बसली होती. कोथरूडच्या बँकेत ती सहा दिवस काउंटरवर बसायची आणि सातव्या दिवशी झोपायची. या घराकडे येणारा रस्ता मात्र तिला झोपेतही आला असता.

"ये," सुनीती म्हणाली. या एका शब्दात जेवढी थंडी घालता येते तेवढी तिने घातली.

"आत्या, बऱ्या आहात ना?" किमयाने वाकून नमस्कार केला. मग क्षितिजाकडे बघून म्हणाली, "तू क्षितिजा. फोटोत केस मोठे होते."

"कापले," क्षितिजा म्हणाली आणि उठून उभी राहिली. आपण का उठलो ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ऋषिकेशने नुसती मान हलवली. या दोघांमध्ये भांडण असं कधी नव्हतं. आधी तो बंगळूरला गेला, मग फोन कमी झाले, मग फोनवर बोलायला काही राहिलं नाही. किमयाला त्याची आठवण यायची थांबली होती. या घराची थांबली नव्हती. ती कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. नवऱ्यासाठी झुरलेल्या बाईला लोक समजून घेतात, सासूसाठी झुरणाऱ्या बाईचं काय करायचं ते कुणाला कळत नाही. रजनी गेल्याचं तिला तिसऱ्या दिवशी समजलं होतं. ती आली, मागे बसली, चहाही न घेता गेली. आज ती आपला चौकोन न्यायला आली होती. दुसऱ्या कुणी काढून फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकण्यापेक्षा आपणच न्यावा, एवढं तिने ठरवलं होतं. एकदा तो नेला की इथे यायला काही कारण उरणार नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

"बाबा कुठेत?"

"मागे. धुतोय," सुनीती म्हणाली.

"एकटे?"

किमया चपला काढून घरातून सरळ मागच्या अंगणात गेली. चंद्रकांतने मान वर करून तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. तिने पूर्वीच्या सवयीने बाही वर सारली आणि हात टोपात घातला. घातला तसा काढला.

"बाबा, हात बाहेर काढा."

"का गं?"

"काढा आधी. पोळतंय पाणी."

चंद्रकांतने हात बाहेर काढून बघितले. लाल झाले होते, पण दुखत नव्हते. भट्टीसमोर साच्यांत रस ओतण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती आणि तळहातांची कातडी केव्हाच बधिर झाली होती. रजनी चिडवायची, तुमच्या हातांना विचारून काय उपयोग, ते मुके आहेत. पिशवीत तो नेहमी उकळतं पाणी भरायचा, म्हणून तिने किमयाकडून पिशवीचं कव्हर दुहेरी करून घेतलं होतं. हे सगळ्या घराला ठाऊक होतं. पण पांघरुणाच्या पाण्यात हात घालून बघायचं काम कायम रजनीचं होतं, आणि ती नाही म्हणजे तिचा हातही नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"सारजाबाई, एकदम गार ओतू नका, लोकर आटेल," किमया म्हणाली, पण सारजाबाईने घाबरून बादली रिकामी केली होती.

*

आवाज ऐकून ओसरीवरची सगळी मागे आली. लुगडं खाली सरकवून चौघांनी चार कोपरे धरले. चंद्रकांत आणि सुनीती एका बाजूला, किमया आणि क्षितिजा दुसऱ्या. ऋषिकेश धरायला पुढे झाला होता, पण तेवढ्यात क्षितिजाने कोपरा घेतला. उचलायला चौघं लागलीच नाहीत. दोघांनाही झेपलं असतं.

खाटेवर पसरल्यावर ते अर्ध्या खाटेला पुरलं. लोकर आटून जाड झाली होती, घोंगडीच्या कापडासारखी. टाके दिसेनासे झाले होते. लाल, हिरवा, राखाडी एकमेकांत शिरले होते. निळ्याच्या मधलं भोक मिटून गेलं होतं.

ऋषिकेश म्हणाला, "बाबा, तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"काय?"

"तिचा चौकोन निघू नये म्हणून. किमया यायच्या आत घाईने धुवायला घेतलंत, म्हणून विचारतोय."

चंद्रकांतने नुसते हात पुढे केले, तळवे वर. सुनीती दोघांच्या मध्ये आली.

"तोंड सांभाळ, ऋषी. त्याच्या हाताला चटका कळत नाही, हे तुला ठाऊक नाही? कशाने गेले ते हात? तुझ्या कॉलेजला, तुझ्या बंगळूरला. आज सकाळी माझ्यासमोर उकळता पेला उचलला त्याने, मी बघत बसले. पाणी बघायला मी जायला हवं होतं. मी कात्री शोधत होते."

"आत्या, सकाळपासून तूच तर—"

"हो, मीच. मला वाटलं एक चौकोन काढला की घर पुढे सरकेल. दादाही पुढे सरकेल." तिने भावाकडे बोट दाखवलं. "रोज संध्याकाळी वहिनीच्या बाजूला पिशवी ठेवतो तो. रिकाम्या बाजूला. मला बघवत नाही रे."

ऋषिकेशला हे माहीत नव्हतं. सुनीतीशिवाय कुणालाच नव्हतं. तो वडिलांकडे बघत राहिला, मग खाली बसला आणि पांघरुणाच्या हिरव्या भागावर हात ठेवला.

"माझीही आई होती ती," तो म्हणाला. "मला वाटत होतं तिने तुम्हाला सगळ्यांना वाटून टाकलं आणि मला ठेवलंच नाही काही."

"तुझा हिरवा तिने मधोमध लावलाय, ऋषी," किमया म्हणाली. "मी विचारलं होतं, कडेला का नाही. म्हणाली, पांघरलं की छातीवर आला पाहिजे."

सुनीतीने कात्री उचलून निळ्या भागाच्या कडेवरून टोक फिरवलं. शिवण सापडेना. लोकर एकजीव झाली होती. कापलं असतं तर आजूबाजूचे चार चौकोनही कापले गेले असते. तिने कात्री खाली ठेवली.

"न्यायला आले आणि नेता येत नाही," किमया म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं, आणि तिने दोन्ही पुसलं नाही. "आत्या, आता मला काढता येणार नाही हो तुम्हाला."

"राहा मग," सुनीती म्हणाली. सकाळच्या "ये" पेक्षा हे जरा ऊबदार होतं.

चंद्रकांत खाटेशी वाकला. त्याने गळ्याशी घ्यायची बाजू शोधली आणि नाक टेकवलं. नुसता रिठा. वास गेला होता. तो मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि रडला, सगळ्यांसमोर, रजनी गेली तेव्हाही रडला नव्हता तसा. कुणी त्याला उगी म्हटलं नाही. सारजाबाईच तेवढी म्हणाली, "रडू द्या. लई दिस साठलं हुतं."

*

दुपारी भाकरी खाल्ल्यावर क्षितिजाने पिशवीतून आपला पिवळा चौकोन काढला आणि खाटेवरच्या पांघरुणाशेजारी ठेवला. त्यातल्या कुठल्याही चौकोनापेक्षा तो आता कितीतरी मोठा दिसत होता.

"आता तर बसणारच नाही," ती म्हणाली.

किमयाने तो उचलून उलटसुलट करून पाहिला. "सुरेख विणलायस. माझा असा कधी झाला नाही." मग तिने तो मधोमध दुमडला, वीतभर रुंद, दोन वीत लांब, आणि थबकली. "क्षितिजा, पलंगावर पिशवी असेल बघ. कव्हरासकट आण."

पिशवी आली. तिच्यावर किमयाने रजनीसमोर बसून केलेलं पहिलंवहिलं कव्हर होतं, तपकिरी, दुहेरी, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. दुमडलेला पिवळा चौकोन पिशवीला अगदी नीट बसत होता. वर तोंडाशी दुमडायला थोडा उरतही होता.

"दोन बाजू शिवायच्या फक्त," किमया म्हणाली. "वरची उघडी ठेव. धुताना पिशवीवर ठेवून नाही हं धुवायचं, काढून, उलटं करून. आणि पाणी..."

"हाताला कळू नये," क्षितिजा म्हणाली. "माझ्या हाताला."

चंद्रकांत दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला, पिशवीवरचं तपकिरी कव्हर त्याने स्वतः ओढून काढलं. जरा वेळ हातात धरलं. मग किमयापुढे केलं.

"हे ने. हे तरी सुटं आहे."

"बाबा, हे तुम्हाला लागतं."

"लागतं," तो म्हणाला. "म्हणूनच देतोय."

किमयाने ते घेतलं. निघताना तिने विचारलं नाही, पुन्हा येऊ का म्हणून. सुनीतीच फाटकापर्यंत गेली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी धुवायला ये. पाणी तू बघ." किमया स्कूटरवर बसली तेव्हा तपकिरी कव्हर तिच्या ओढणीखाली होतं.

डोंगराआड ऊन गेलं तशी माल्यात थंडी उतरली. ऋषिकेशने वाळलेलं पांघरूण घडी घालून आत आणलं. ट्रंकेत ठेवायला निघाला होता, पण सुनीतीने ते घेऊन भावाच्या मांडीवर टाकलं. गुडघ्यांपुरतं होत होतं, पण ऊब पहिल्यापेक्षा जास्त होती.

दिवे लागले आणि चंद्रकांत सवयीने उठला. शेगडीवर पाणी ठेवलं, पिशवीत भरलं, दाबून हवा काढली, झाकण घट्ट केलं. क्षितिजाने दुपारीच शिवलेलं पिवळं कव्हर चढवलं. ते एकेरी होतं. त्याने दोन्ही हातांत पिशवी धरली आणि त्याला काहीच कळलं नाही, नेहमीसारखंच. त्याने रिकाम्या बाजूकडे पाहिलं. मग दाराकडे वळला. क्षितिजा ओसरीवर ताटं पुसत होती.

"क्षितिजा, जरा बघतेस का?" तो म्हणाला. "फार गरम नाही ना?"

तिने ताट खाली ठेवलं, हात कोरडे केले आणि पिशवीवर तळहात टेकवला.

"गरम आहे, काका. पोळेल. थोडं थांबा."

थांबा, असं त्याला कुणी म्हटलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तो पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर आपल्या बाजूला बसला आणि थांबला.